सात दशांश मिलिग्रॅम

डेक्सामेथासोन हे नाव मराठवाड्यातल्या गावांना करोनानं पाठ करून दिलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडनं कमी होतात हे कळलं, आणि वर्षभरात 'डेक्सा' हा शब्द गावोगावच्या मेडिकलच्या काउंटरवर पोचला. चाचणीतला डोस होता रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. प्रत्यक्षात कुठं किती दिलं गेलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याची दुसरी बाजू दिसली. भरमसाट स्टेरॉइड, चढलेली शुगर आणि त्यापाठोपाठ म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यातले. त्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांचा तुटवडा त्या दिवसांत रोजच्या बातम्यांत असे. जीव वाचवण्यासाठी काही रुग्णांचे डोळे काढावे लागले. तेव्हापासून मधुमेही माणसासमोर स्टेरॉइडचं नाव काढलं की घरचे दचकतात. त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

त्याच डेक्सामेथासोनचा एक वेगळा हिशेबही आहे. डोळ्याच्या पडद्याला सूज आली की आत सोडायची एक विरघळणारी काडी मिळते. तिच्यात औषध असतं सगळं मिळून ०.७ मिलिग्रॅम. करोनाच्या एका दिवसाच्या डोसात अशा आठ काड्या बसल्या असत्या. आणि ही काडी संपायला काही महिने लागतात. औषध डोळ्यातच काम करतं, रक्तात पोचतं ते नाममात्र. त्यामुळे ज्या मधुमेही माणसाला स्टेरॉइडच्या गोळ्या देताना डॉक्टर दहादा विचार करतात, त्याच्या डोळ्यात तेच औषध सोडताना शुगरची काळजी बरीच कमी होते. काळजी संपते असं मात्र नाही. ती दुसरीकडं सरकते. कुठं सरकते आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ती कुणाच्या माथी येते, हे या लेखात पाहायचं आहे.

जालना हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके तोडून केलेला जिल्हा. पोलाद, बियाणं, मोसंबी आणि मोंढा या चार गोष्टींवर शहर उभं आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजून म्हटली जाते. पाळण्याच्या बाहेर आठ तालुके कोरडवाहू आहेत हा भाग म्हणीत येत नाही. शहरातल्या बियाण्याच्या धंद्यामागचं मोठं नाव म्हणजे बद्रीनारायण बारवाले. १९३१ चा हिंगोलीचा जन्म, हैदराबाद मुक्तिलढ्यात भाग, पुढं पुसा सावनी भेंडीचं बी पिकवत पिकवत १९६४ मध्ये महिको. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले. बियाण्याच्या या माणसानं गावाला जे आणखी दिलं त्यात श्री गणपती नेत्रालय आहे. मराठवाड्यातल्या आणि शेजारच्या बुलढाण्यातल्या असंख्य घरांत 'डोळे दाखवायला जालन्याला' हे वाक्य या धर्मादाय रुग्णालयामुळं रुळलं.

पण 'डोळे दाखवणं' म्हणजे आपल्याकडं अजूनही मोतीबिंदू. त्याची सगळ्यांना सवय झाली आहे: शिबिराची गाडी, हिरवी पट्टी, काळा चष्मा, आठव्या दिवशी तपासणी, संपलं. १९७६ पासून चाललेल्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची गाडीही मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर धावत आली, आणि त्यानं लाखोंची दृष्टी परत आली हे खरंच आहे. पडद्याचा आजार या साच्यात बसत नाही. तो एका शस्त्रक्रियेनं मिटत नाही, फोटोत दिसत नाही आणि रुग्णाला डोळे दुखल्याशिवाय डॉक्टर आठवत नाही. पडद्याला सूज आलेला डोळा बहुधा दुखतच नाही.

असा रुग्ण नेहमी कसा येतो ते पाहावं. वय पन्नाशीच्या पुढं. शुगर दहा-बारा वर्षांची, गोळ्या 'चालू आहेत', पण शेवटची तपासणी कधी केली ते आठवत नाही. तक्रार अशी की मोंढ्यातल्या पावतीवरचे आकडे एकमेकांत मिसळतात, दाराची चौकट मध्येच वाकल्यासारखी दिसते, समोरच्याचं तोंड धूसर पण कडेचं सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झालेला असतो. मग कुणीतरी सांगतं, पडदा तपासा. ओसीटी नावाच्या यंत्रावर पडद्याचा उभा छेद दिसतो. निरोगी माणसात मधला खळगा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा असतो. इथं तो फुगून दुप्पट झालेला असतो आणि त्यात काळे काळे पोकळ कप्पे दिसतात. ते पाणी आहे. बारीक रक्तवाहिन्या पाझरताहेत आणि नेमक्या वाचण्याच्या, चेहरे ओळखण्याच्या जागी ओल साठली आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही माणसं १० कोटींच्या वर आहेत. मुंबईत डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत रुग्णालयाच्या चमूनं झोपडवस्त्यांमध्ये घरोघर तपासणी केली, तेव्हा मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम दिसले. पडदा सुजण्याची कारणं आणखीही आहेत. पडद्यातली शीर तुंबते, विशेषतः रक्तदाब न सांभाळणाऱ्यांत. डोळ्याच्या आतल्या थरांना दाह होतो, त्याला डॉक्टर युव्हिआयटिस म्हणतात. तो तरुणांनाही होतो आणि आपल्या देशात त्यामागं क्षयरोग असण्याची शक्यता नेहमी धरावी लागते. कधी मोतीबिंदूच्या उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवड्यांनी मधला भाग सुजतो. कारण कुठलंही असो, दाहाचा वाटा त्यात असतोच, आणि दाहावर स्टेरॉइडइतकं जुनं आणि खात्रीचं औषध नाही. कॉर्टिसोनच्या शोधाला १९५० मध्ये नोबेल मिळालं. डेक्सामेथासोन त्याच दशकाच्या शेवटी आलं.

अडचण औषधाची नव्हतीच. ते पडद्यापर्यंत पोचवायचं कसं, ही होती. डोळ्यात थेंब टाकला तर त्यातला बराचसा गालावर ओघळतो, थोडा नाकात उतरतो, आणि आत शिरणारा भाग पाच टक्क्यांच्याही आत. तोही पुढच्या खोलीत, बुबुळाच्या मागं, अडकतो. पडदा मागच्या भिंतीला आहे. गोळी दिली तर ती आख्ख्या शरीराला द्यावी लागते: शुगर, वजन, हाडं, पोट सगळ्यांनी किंमत मोजायची आणि डोळ्याला त्यातला कण मिळायचा. शिवाय पडद्याच्या रक्तवाहिन्या स्वतःच औषध अडवतात. निसर्गानं मेंदूसारखी डोळ्यालाही ही तटबंदी दिली आहे. उरतो एकच रस्ता, डोळ्याच्या आत सुई. स्टेरॉइडचं पांढरं द्रावण आत टोचणं अनेक वर्षं चालू होतं आणि आजही चालतं. स्वस्त आहे, परिणाम दिसतो, पण डोस एकदम पडतो आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागतं.

माणसाच्या डोळ्यात परकी वस्तू राहू शकते हा विश्वास आला कुठून, तर दुसऱ्या महायुद्धातून. विमानांच्या फुटलेल्या पारदर्शक प्लास्टिक-छतांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले आणि वर्षानुवर्षं निपचित पडून राहिले, हे ब्रिटिश सर्जन हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं आणि १९४९ मध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज जालन्यात कुणीही 'लेन्स टाकली' म्हणतो ती त्याचीच पुढची पिढी. भिंगाकडून अपेक्षा अशी की त्यानं जन्मभर तसंच राहावं. औषधाच्या काडीकडून नेमकी उलटी: काम झालं की नाव-निशाण उरू नये.

त्यासाठीचं द्रव्य डोळ्याच्या डॉक्टरांनी शोधलेलं नाही. ते टाक्यांच्या दोऱ्यातून आलं. १९७० च्या दशकात विरघळणारे कृत्रिम टाके रुळले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर 'टाके काढावे लागणार नाहीत' असं आपल्याला सांगतात ते याच घराण्याचे. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक अशा दोन आम्लांचे रेणू साखळीत गुंफले की हा पॉलिमर होतो, शास्त्रज्ञ त्याला पीएलजीए म्हणतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे दही आंबट करतं तेच. धावल्यावर आपल्या स्नायूंतही तयार होतं. शरीराला ते ओळखीचं असल्यामुळं साखळी तुटली की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून शरीर मोकळं होतं. १९७६ मध्ये रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी पॉलिमरमधून मोठे रेणू दिवसेंदिवस हळूहळू झिरपू शकतात हे दाखवलं, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावलं होतं. १९८९ मध्ये याच जातीच्या पॉलिमरमधलं, महिन्यातून एकदा टोचायचं हार्मोनचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. डोळ्याची पाळी त्यानंतर आली.

कॅलिफोर्नियातल्या ऑक्युलेक्स या छोट्या कंपनीनं दोन दिशांनी काम केलं. एक होती मिलिमीटरभर लांबीची गुटी, सुरोडेक्स नावाची, ६० मायक्रोग्रॅम डेक्सामेथासोनची. मोतीबिंदू काढल्यावर पुढच्या खोलीत ठेवून द्यायची म्हणजे महिनाभर थेंब टाकायला नकोत. थेंब टाकायला विसरणाऱ्या, हात थरथरणाऱ्या, घरी कुणी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार केला तर ही कल्पना आजही मला फार आवडते. बाजारात ती चालली नाही. दुसरी होती मागच्या भागासाठीची मोठी काडी. २००३ मध्ये अ‍ॅलर्गननं ही कंपनी विकत घेतली आणि काडीला ओझुर्डेक्स हे नाव मिळालं. अमेरिकेत २००९ मध्ये शीर तुंबल्यामुळं येणाऱ्या सुजेसाठी, २०१० मध्ये जंतुसंसर्ग नसलेल्या युव्हिआयटिससाठी आणि २०१४ मध्ये मधुमेही सुजेसाठी ती मंजूर झाली. भारतातल्या पडद्याच्या दवाखान्यांत आज ती नेहमीची आहे.

दिसायला ती शेवईचा तुटलेला तुकडा. लांबी सहा मिलिमीटर, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ती सुट्टी मिळत नाही. एकदाच वापरायच्या पिचकारीच्या सुईत बसवूनच येते, ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात, कारण पाण्याचा अंश लागला की साखळी तुटायला तिथंच सुरुवात होईल. या काडीला फ्रिज लागत नाही. डोळ्यात टोचायच्या दुसऱ्या गटाच्या औषधांना, ज्यांना सरसकट 'अँटी-व्हेजेफ' म्हणतात, दोन ते आठ अंशांची साखळी कारखान्यापासून टेबलापर्यंत सांभाळावी लागते. काडीला १५ ते ३० अंश पुरतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या छताखालच्या औषध दुकानात तीस अंश हीदेखील चैन असते, हे जाता जाता नोंदवायला हवं.

टोचण्याची क्रिया ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणते, आणि पाहिली तर आश्चर्य वाटतं की एवढंच होतं. रुग्ण आडवा. डोळा बधिर करणारे थेंब. मग पोव्हिडोन आयोडीन, पापण्यांवर आणि डोळ्यातही. अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण आत जंतू गेला तर डोळा जातो. तोंडावर भोक असलेलं निर्जंतुक कापड, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची चिमटी. डॉक्टर मोजपट्टीनं बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर खूण करतात. ही जागा मुद्दाम निवडलेली: पुढं सरकलं तर भिंगाला लागेल, मागं सरकलं तर पडद्याला. रुग्णाला दुसरीकडं पाहायला सांगतात. सुई आधी पांढऱ्या भागातून तिरपी, थोडी आडवी सरकवतात आणि मग डोळ्याच्या मध्याकडं वळवतात, म्हणजे भोक आपोआप मिटतं आणि टाका लागत नाही. बटण दाबलं की टक् असा आवाज येतो. तो रुग्णालाही ऐकू येतो. काडी काचद्रवात सुटली. सुई बाहेर. किती बोटं दिसतात, विचारतात. बोटं मोजता आली म्हणजे डोळ्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे. पिचकारीची सुई २२ गेजची, म्हणजे अँटी-व्हेजेफच्या बारीक सुईपेक्षा बरीच जाड, म्हणून दाब जाणवतो. पुढचे काही दिवस काही रुग्णांना कडेला एक काळी रेघ तरंगताना दिसते. ती काडीच असते.

आत गेल्यावर पाणी पॉलिमरमध्ये शिरतं. पृष्ठभागाजवळचं औषध पहिल्यांदा सुटतं, मग साखळ्या तुटतात तशी छिद्रं पडतात आणि आतलं बाहेर येतं, शेवटी काडीचे तुकडे होतात आणि तेही जातात. औषधाचा जोर पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त. अंश सहा महिन्यांपर्यंत सापडतो, पण दवाखान्यातला अनुभव सांगतो की तीन-चार महिन्यांत बऱ्याच डोळ्यांत सूज परत डोकं वर काढते. मग दुसरी काडी. पहिली काढावी लागत नाही, एवढाच मोठा दिलासा.

ज्या काड्या विरघळत नाहीत त्यांच्याशी तुलना केली की या दिलाशाचं मोल कळतं. २००५ मध्ये रेटिसर्ट नावाचं रोपण अमेरिकेत आलं. फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड, अडीच वर्षं चालणारं, पण ते शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या भिंतीला शिवावं लागे. दाह आटोक्यात आला. मात्र ज्यांचं नैसर्गिक भिंग शाबूत होतं अशा जवळजवळ सगळ्यांना तीन वर्षांत मोतीबिंदू झाला आणि एक तृतीयांशाहून अधिक डोळ्यांवर काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. विरघळणाऱ्या काडीत औषध ठरावीक काळानं संपतं. एखाद्या डोळ्याला ते सोसलं नाही तर दुसरी काडी टाळता येते.

सोसणं म्हणजे काय, तर प्रेशर. स्टेरॉइडमुळं काही डोळ्यांतला पाण्याचा निचरा तुंबतो आणि आतला दाब वाढतो. नेहमीचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण १० ते २१. तो वाढला तरी सुरुवातीला काही दुखत नाही, काही दिसत नाही. मज्जातंतू मात्र मरत जातो, आणि गेलेला तंतू कुठलंही औषध परत आणत नाही. मधुमेही सुजेवरच्या 'मीड' या तीन वर्षांच्या चाचणीत हजारावर रुग्ण होते. काडी घेतलेल्यांपैकी २२ टक्क्यांची दृष्टी तक्त्यावरच्या तीन ओळींनी सुधारली; नुसती बिनसुईची पिचकारी टेकवलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के. स्वतःचं भिंग असलेल्यांपैकी ६८ टक्क्यांना मोतीबिंदूचा त्रास झाला. आणि सुमारे ४१ टक्क्यांना कधी ना कधी प्रेशरचे थेंब द्यावे लागले. काचबिंदूची शस्त्रक्रिया लागलेले मात्र एक टक्क्याहूनही कमी. मला या आकड्यांतला शेवटचा सगळ्यात बोलका वाटतो. एवढ्यांचं प्रेशर चढलं, तरी शस्त्रक्रिया इतकी कमी का? कारण चाचणीत प्रत्येकाला ठरल्या दिवशी बोलावून प्रेशर मोजलं जात होतं. थेंब वेळेवर सुरू झाले.

इथं जालना पुन्हा येतो.

गावाकडच्या रुग्णाला काडी सुचवताना डॉक्टरांचा एक युक्तिवाद असतो आणि तो प्रामाणिक आहे. अँटी-व्हेजेफ औषधं बऱ्याच रुग्णांत पहिली निवड. त्यांतलं बेव्हॅसिझुमॅब स्वस्त पडतं, २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचा भारतीय पर्यायही आहे. पण ती महिन्या-महिन्याला टोचावी लागतात, सुरुवातीला तर सलग. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. रुग्णाबरोबर एक माणूस हवाच, कारण बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की दिवसभर धूसर. म्हणजे एका इंजेक्शनला दोन माणसांची दोन रोजंदारी, एसटीचं भाडं, वरचं चहापाणी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की हा खर्च कुणाला परवडत नाही आणि तारीख चुकते. दोन इंजेक्शनांनंतर आलेच नाहीत, असे कागद पडद्याच्या प्रत्येक ओपीडीत असतात. त्यापेक्षा तीन-चार महिन्यांतून एकदा काडी बरी. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांचा मोतीबिंदू आधीच निघालेला आहे, ज्यांच्यावर दुसऱ्या औषधाचा परिणाम झाला नाही, त्यांच्यासाठी तर ती जास्तच सोयीची.

युक्तिवाद बरोबर, हिशेब अर्धवट. फेऱ्या कमी करण्यासाठी काडी द्यायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी प्रेशर मोजायची फेरी त्यात धरायचीच नाही, तर आपण सूज घालवून काचबिंदू विकत घेतला. आणि नेमकी हीच फेरी चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. कारण तेव्हा रुग्णाला उत्तम दिसत असतं. सूज उतरलेली, पावतीवरचे आकडे स्पष्ट, शेतात कामाची घाई. बरं वाटणाऱ्या माणसानं एसटी पकडून जालन्याला का जावं?

त्यानं जालन्याला जायची गरजही नाही, हे माझं म्हणणं आहे. प्रेशर मोजायला पडद्याचा सर्जन लागत नाही. शिऑट्झचं टोनोमीटर, बुबुळावर टेकवायचं धातूचं वजनदार उपकरण, १९०५ चं आहे आणि शिबिरांतून ते अनेक दशकं वापरलं गेलं. हवेच्या फुंकरीनं दाब मोजणारी यंत्रं डोळ्याला हातही लावत नाहीत. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद आहे. हा माणूस चष्म्याचे नंबर काढतो, शाळांतून मुलं तपासतो, मोतीबिंदूचे रुग्ण शोधतो. अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद इथं ठरलेल्या वारी एक प्रेशर मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवणं त्याच्या आवाक्यातलं काम आहे. तमिळनाडूतल्या अरविंद आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेनं छोट्या गावांतल्या दृष्टिकेंद्रांतून हेच केलं: तंत्रज्ञ गावात, डॉक्टर स्क्रीनवर, रुग्णाची फेरी वाचली. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा आली, त्यातलं एक. तिथल्या नेत्रविभागानं पहिल्या काही वर्षांत महागडी यंत्रं आणण्याआधी तालुक्याच्या प्रेशर-मोजणीची घडी बसवली तर ते मोठं काम होईल.

प्रेशरचा प्रश्न काडीपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. काडी घेणारे मोजके. थेंब घेणारे अगणित. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत आणि धुळीत, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात, मातकट दिसू लागतात. ही अ‍ॅलर्जी आहे, वयाबरोबर बहुधा जाते. आई मेडिकलमध्ये जाते. दुकानदार क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेली बाटली देतो. दोन दिवसांत डोळा पांढरा. पुढच्या वेळी आई बाटलीचं नावच सांगते. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे. बाटलीवर लाल रेघ आणि इशाराही छापलेला असतो. तरी वर्षानुवर्षं थेंब चालू राहतात, आणि एक दिवस शाळेत फळा दिसत नाही म्हणून मुलाला आणतात तेव्हा मज्जातंतू पोखरलेला असतो. काडीत औषध मोजून भरलेलं आहे, ती संपते, तिच्यामागं एक डॉक्टर उभा असतो. बाटलीमागं कुणी नाही. ज्या जिल्ह्यात लोक डोळ्यातल्या काडीला घाबरतात आणि त्याच औषधाची बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवतात, तिथं भीती चुकीच्या पत्त्यावर गेली आहे.

काडीबद्दलच्या काही भीत्या मात्र योग्य आहेत. डोळ्यात जंतुसंसर्ग असताना ती सोडायची नाही. युव्हिआयटिसच्या रुग्णात क्षयरोगाचा तपास आधी, कारण स्टेरॉइड दाह दाबतं आणि जंतूला मोकळीक देतं. तपास सकारात्मक आला तर क्षयाची औषधं सुरू असताना, डॉक्टरांच्या नजरेखाली, मगच पुढचं. युव्हिआयटिसमध्ये ती कामाची आहे यात शंका नाही: 'ह्यूरॉन' चाचणीत आठ आठवड्यांनी काडी घेतलेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या काचद्रवातला गढूळपणा पूर्ण गेला, न घेतलेल्यांत १२ टक्क्यांचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगामागची पिशवी फाटली असेल तर काडी पुढच्या खोलीत घसरते आणि बुबुळ सुजवते. अशा वेळी ती तातडीनं काढावी लागते. जुना, वाढलेला काचबिंदू असेल तर नको. आणि वस्तू कारखान्यात बनते म्हणून निर्दोषच असते असंही नाही. २०१८ मध्ये काही खेपांत सुईच्या टोपणातला सिलिकॉनचा सुमारे ०.३ मिलिमीटरचा कण काडीबरोबर डोळ्यात जाऊ शकतो हे लक्षात आलं आणि अनेक देशांतून त्या खेपा परत बोलावल्या गेल्या. कण विरघळणारा नव्हता.

किंमत हा वेगळाच अडथळा. एका काडीला हजारो रुपये मोजावे लागतात, आणि एका काडीवर भागत नाही. विरघळणारे टाके आता किरकोळ भावात मिळतात. त्याच रसायनाची, सत्तर वर्षं जुन्या औषधाची ही काडी एवढी महाग का, याचं उत्तर रसायनात नसून पिचकारीच्या, चाचण्यांच्या आणि पेटंटांच्या खर्चात आहे. भारतीय औषध कंपन्यांनी रॅनिबिझुमॅब करून दाखवलं. ही काडी त्यापेक्षा सोपी नसली तरी अशक्यही नाही. गंमत म्हणजे याच पॉलिमरमध्ये बायमॅटोप्रोस्ट हे प्रेशर उतरवणारं औषध भरलेली, दहा मायक्रोग्रॅमची काडी मार्च २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. एक काडी प्रेशर चढवते, तिची बहीण उतरवते. तीही रोजचे थेंब विसरणाऱ्यांसाठीच आहे.

घरात कुणाला अशी काडी सोडली असेल किंवा सोडायची ठरली असेल, तर एवढं करा. निघण्यापूर्वी कागदावर दोन तारखा लिहून घ्या: सूज पाहायची आणि प्रेशर मोजायची. दुसरी तारीख सहा ते आठ आठवड्यांच्या आतली असली पाहिजे, आणि दिसायला लागलं म्हणून ती सोडायची नाही. काचबिंदू घराण्यात असेल, पूर्वी क्षय झाला असेल, मोतीबिंदूच्या वेळी काही गुंतागुंत झाली असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. टोचल्यानंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी परत जा, शनिवार-रविवार पाहू नका. शुगर असलेल्या प्रत्येकानं, डोळ्यांची तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आणि त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये.